हडसनकांठचा सफरचंदाचा काढा

परदेशच्या प्रवासवर्णनांत पूल, राजवाडे व पुतळे यांना मानाचें स्थान असतें. त्या देशांत चुलीवर काय शिजत होतें हें मात्र क्वचितच वाचावयास मिळतें. प्रस्तुत लेखांत एक पूल येणार आहे, पण मुख्य हकीकत एका पातेल्याची आहे, आणि त्या पातेल्यापायीं आम्हां मायलेकींत जो तीन दिवसांचा अबोला पडला त्याची आहे.

सन २०२२ च्या ऑक्टोबरांत मी धाकट्या लेकीच्या दुसऱ्या बाळंतपणासाठीं अमेरिकेस गेलें. न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेस सुमारें सव्वाशें किलोमीटरांवर, हडसन नदीच्या पूर्वतीरावर पोकीप्सी नांवाचें गांव आहे. तेथें लेक-जांवई राहतात. न्यूयॉर्कहून आगगाडीनें दोन तास लागतात, आणि बहुतेक वाट नदीच्या अगदीं कडेनें जाते. कोणास जाण्याचा योग आला तर डाव्या हाताच्या खिडकीशीं बसावें. नदी एवढी रुंद कीं, मला आमच्या दाभोळच्या खाडीचीच आठवण झाली. ही आठवण अगदींच अस्थानीं नव्हती, कारण या नदींत समुद्राची भरती थेट ट्रॉय गांवापर्यंत, म्हणजे मुखापासून सुमारें अडीचशें किलोमीटर आंत येते. पलीकडच्या डोंगरावरील झाडें त्या दिवसांत तांबडीं, पिंवळीं व शेंदरी झालीं होतीं. आपल्याकडे पळस फुलतो. तेथें पानेंच फुलतात.

पोकीप्सीला नदीवर एक जुना लोखंडी पूल आहे. १८८९ सालीं तो रेल्वेसाठीं खुला झाला. १९७४ मध्यें त्याला आग लागली आणि गाड्या बंद पडल्या. २००९ पासून तो पायीं चालणारांसाठीं आहे. लांबी दोन किलोमीटर, आणि पाण्यापासून उंची दोनशें फुटांहून अधिक. वारा असा कीं शालीचें टोंक हातांत धरूनच चालावें लागे. पुलापलीकडे अल्स्टर परगणा लागतो, आणि तेथून सफरचंदांचें राज्य सुरू होतें. अमेरिकेंत सफरचंदांच्या उत्पन्नांत वॉशिंग्टन संस्थान पहिलें व न्यूयॉर्क दुसरें. जेफरसनसाहेबांनीं आपल्या माँटिसेलोच्या बागेंत हौसेनें लावलेलें ‘स्पिट्झेनबर्ग’ हें याच परगण्यांतील इसोपसचें, आणि ‘जोनाथन’ हें इथल्याच वुडस्टॉकचें. आपल्याकडे आंबा म्हटला कीं रत्नागिरी कीं देवगड हा वाद निघतो, तसलाच अभिमान मीं तेथील बागाइतांच्या बोलण्यांत ऐकला.

अशाच एका बागेंत आम्ही रविवारीं गेलों. लेकीला आठवा महिना सरत आला होता; सात वर्षांचा नातू पुढें धांवत होता. फळें विकण्याच्या छपरीखालीं एक मोठें भांडें मंद आंचेवर ठेवलेलें होतें आणि त्यांतून वाफ येत होती. तिचा वास कसा सांगूं? दालचिनी व लवंग यांचा ओळखीचा दरवळ, त्याखालीं पिकल्या फळाचा आंबटगोड सुगंध. थंडीनें गारठलेल्या नाकाला तो वास म्हणजे आमंत्रणच होतें. पाटीवर नांव होतें ‘सायडर’. नातवानें पेला घेऊन ओंठांशीं नेला, आणि मीं तो त्याच्या हातून काढून घेतला. बोर्डाच्या परीक्षेंतील गुणांइतकें नव्हे, तरी बी. ए. ला नेमलेलें हार्डीचें ‘द वुडलँडर्स’ मला आठवतें. त्यांतला नायक चरक घेऊन गांवोगांव सायडर गाळीत हिंडतो, आणि तो सायडर म्हणजे सफरचंदाची दारू!

येथें थोडी घरची गोष्ट सांगितली पाहिजे. मी दहा वर्षांची असतांना माझ्या एका काकांच्या व्यसनापायीं माहेरचा वाडा विकला गेला. सामान बाहेर काढलें त्या दिवशीं आई देव्हारा पदराखालीं झांकून चालत होती, तें मी अजून विसरलें नाहीं. म्हणून या एका बाबतींत माझा हात आधीं पुढें होतो व विचार मागून येतो. पण लेकीला तें लागलें. चार माणसांदेखत ती एवढेंच म्हणाली, “आई, मी माझ्या मुलाला दारू पाजीन असें तुला वाटलें?” घरीं परत येईपर्यंत कोणी बोललें नाहीं. पुढें तीन दिवस आमचें बोलणें वरणभातापुरतें राहिलें.

जांवई मितभाषी आहेत. चौथ्या दिवशीं ते म्हणाले, “आई, चला, तुम्हांला तो चरक दाखवून आणतों.” त्याच बागेच्या मागील अंगाला तें गुऱ्हाळ होतें. गुऱ्हाळच म्हणावयाचें, फक्त चिपाडांऐवजीं चोथा, आणि काहिलीखालचा जाळ नाहीं. फळें धुऊन सालीबियांसकट दळतात. तो लगदा जाड कापडांत घडी घालून बांधतात, अशा घड्या लांकडी जाळ्यांवर एकावर एक रचतात आणि वरून दाब देतात. एकोणीस किलो फळांतून दहा-अकरा लिटर रस निघतो. तो गढूळ व तपकिरी असतो, कारण हवा लागतांच चिरलेलें सफरचंद काळवंडतें तसाच तोही काळवंडतो, आणि गाळून निवळ करीत नाहींत. मला त्यांनीं तो ताजा, थंडच दिला. दारूचा त्यांत मागमूस नव्हता.

मग नांव तें कसें? परततांना जांवयांनीं जी माहिती सांगितली ती मनोरंजक आहे. इंग्लंडांतून आलेल्या वसाहतवाल्यांनीं सफरचंदाच्या बागा लावल्या त्या पुष्कळशा पिण्यासाठींच. दुसरे राष्ट्राध्यक्ष जॉन ॲडम्स सकाळीं आंबविलेल्या सायडरचा पेला घेत असत. १८४० च्या निवडणुकींत विल्यम हेन्री हॅरिसन यांच्या पक्षानें सायडरचें पिंप हेंच आपलें चिन्ह करून टाकलें. त्याच शतकांत मद्यपाननिषेधाची चळवळ वाढली, आणि १९२० ते १९३३ पर्यंत देशभर दारूबंदी झाली. त्या कायद्यानें घरीं काढलेल्या अमादक फळरसाला मात्र मोकळीक ठेविली होती. शब्द तोच राहिला, आंतला पदार्थ बदलला. आज अमेरिकेंत नुसतें ‘सायडर’ म्हटलें कीं ताजा रस. आंबविलेला असेल तर त्याला मुद्दाम ‘हार्ड’ हें विशेषण लावतात. इंग्लंडांत मात्र त्या शब्दाचा अर्थ अद्याप दारू असाच आहे. म्हणजे हार्डीही खरा, आणि माझी लेकही खरी.

मीं घरीं येऊन तिची क्षमा मागितली, असें लिहितां आलें असतें तर बरें झालें असतें. आमच्या घरांत आयांनीं लेकींची क्षमा मागण्याची चाल नाहीं. मीं येतांना एक मोठी बाटली विकत आणली व मुकाट्यानें टेबलावर ठेवली. तिनें ती मुकाट्यानें शीतकपाटांत ठेवली.

त्या बाटलीनें बारा दिवसांनीं माझी थोडी लाज राखली. नोव्हेंबरच्या मध्यावर नातीचा जन्म झाला, धांवपळींत बाटली विसरली, आणि एके सकाळीं पाहतें तों ती फुगून डमरूसारखी टम्म! झांकण फिरवितांच फुसकन् फेंस आला, व वासाला तो ओळखीचा, नकोसा उग्रपणा. फळाच्या सालीवरचें व हवेंतलें किण्व रसांत असतेंच. थंडींत तें सावकाश काम करतें एवढेंच. बाळंतीण अंथरुणावरून हंसून म्हणाली, “घे, तुझेंही खरें झालें.” बाटली मोरींत रिकामी केली. तेव्हांपासून मी सांगतें कीं, हा रस आणल्यापासून आठवड्याच्या आंत संपवावा, नाहींतर बर्फाच्या कप्प्यांत गोठवून ठेवावा. टिकाऊ औषध घातलेलें असेल तर बाटलीवर तसें छापलेलें असतें.

त्याच रात्रीं पहिलें हिम पडलें. दोनच्या सुमारास मुलीला पाजून लेक उठून बसली आणि म्हणाली, “आई, तें बागेंतलें गरम काहींतरी मिळेल का गं?” घरांत ताजा रस नव्हता, पण टोपलीभर सफरचंदें होतीं, आणि पुण्याहून नेलेला माझा मसाल्याचा डबा होता. त्या रात्रीं घाईनें केलें तें बेताचेंच झालें. पुढें दहा-बारा वेळां करून जो प्रकार हातीं बसला तो भगिनींसाठीं सविस्तर देतें.

दोन किलो सफरचंदें घ्यावीं. सगळीं गोड घेऊं नयेत. तिसरा हिस्सा तरी आंबट, हिरवीं असावीं, नाहींतर पेय मचूळ लागतें. धुऊन, सालीसकट चार-चार फोडी कराव्या. बिया मात्र काढाव्या, कारण त्या शिजून कडवट होतात. फोडी बुडून वर चार बोटें येईल इतकें, सुमारें तीन लिटर, पाणी घालावें. भांडें पोलादी घ्यावें. पितळेचें घेतल्यास कल्हई ताजी हवी, आणि ॲल्युमिनियमचें मुळींच नको. फळाच्या आंबटपणानें भांड्याचा कस रसांत उतरतो. झांकण ठेवून मंद आंचेवर दीड-दोन तास शिजूं द्यावें, मग पळीनें ठेंचून आणखी थोडा वेळ. चक्क्याच्या फडक्यांत बांधून टांगावें. फार पिळूं नये. उतावळेपणानें पिळलें कीं लापशी होते. मीं दोनदां केली आहे.

मसाला अखंडच घालावा. पूड घातली तर तळाशीं चिखल बसतो व घशाला खवखवतें. या रसाला बोटभर लांबीचे दालचिनीचे दोन तुकडे, सहा-सात लवंगा, जायफळाचा वाटाण्याएवढा खडा, आणि संत्र्याची पांढरा गर काढलेली साल एवढें पुरतें. तेथें जमेकाकडील एक दाणा घालतात. दिसावयास मिरीसारखा, पण वासाला लवंग, दालचिनी व जायफळ एकत्र कुटल्यासारखा. तो नसला तरी अडत नाहीं. तेथील दुकानांतली दालचिनी बहुधा जाड सालीची व तिखट असते. आपल्याकडची पातळ सुरळीची मिळाल्यास तीच घालावी. मीं बाळंतिणीसाठीं सुंठेचा एक तुकडा ठेंचून घालीत असें, आणि हा माझा अधिकपणा सर्वांस आवडला. आतां रस पुन्हां मंद आंचेवर पंचवीस मिनिटें ठेवावा. खळखळां उकळूं देऊं नये, नाहींतर फळाचा वास उडून नुसता काढा उरतो. शेवटीं गाळून लागेल तसा गूळ घालावा. तेथील मंडळी मेपल झाडाचा पाक घालतात. तोही चांगला, पण महाग.

पुण्यास परतण्यापूर्वीं एक काम राहिलें होतें. पोकीप्सीच्या दक्षिणेस, नदीच्या बाजूला एक जुनें विस्तीर्ण दफनस्थान आहे. तेथें आनंदीबाई जोशी यांच्या रक्षेची समाधि आहे. १८८३ च्या एप्रिलांत त्या कलकत्त्याहून निघाल्या, न्यू जर्सींतील कार्पेंटरबाईंनीं त्यांस आपल्या घरीं ठेवून घेतलें, आणि ११ मार्च १८८६ रोजीं फिलाडेल्फियास त्या डॉक्टर झाल्या. शाकाहार व लुगडें ही त्यांनीं सोडलीं नाहींत. क्षयानें पोखरून त्या परत आल्या, व २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यास वारल्या. बावीस वर्षेंही पुरीं झालीं नव्हतीं. कार्पेंटरबाईंना त्या मावशी मानीत. त्यांच्याकडे रक्षा पाठविली गेली, आणि त्यांनीं ती आपल्या कुळाच्या जागेंत ठेवली.

डिसेंबरच्या अखेरीस आम्ही तेथें गेलों. लेकीनें तान्ह्या मुलीला आंगाशीं बांधलें होतें. नातवाच्या हातांत गरम रसाची बाटली होती. दगडावरचें बर्फ जांवयांनीं हातमोज्यानें झाडलें. वारा हाडांत शिरत होता. पायांत लोकरीचे मोजे, आंगावर तीन थर, आणि तरी मी पांच मिनिटें स्थिर उभी राहूं शकलें नाहीं. अठरा वर्षांच्या मुलीनें तीन हिंवाळे काढले! बाळंतशास्त्रावर प्रबंध लिहून पदवी मिळविणाऱ्या त्या मुलीच्या दगडासमोर माझी बाळंतीण उभी होती. नातवानें सर्वांना पेले दिले. एक भरून त्यानें दगडाशेजारीं बर्फावर ठेवला, आणि कोणीं कांहीं विचारण्यापूर्वींच सांगून टाकलें, “हा बिनदारूचा आहे.” लेकीनें माझ्याकडे पाहिलें. मग आम्ही दोघीही हंसलों, आणि मीं तिचा हात धरला.

पुण्यास आलें तों संक्रांत जवळ आली होती. आमच्या मंडईंत जीं सिमल्याकडचीं लाल सफरचंदें येतात, त्यांचा मूळ वंशही अमेरिकेचाच. सॅम्युएल स्टोक्स, पुढें हिंदु धर्म स्वीकारून सत्यानंद झालेले, यांनीं १९१६ च्या सुमारास कोटगडास तीं कलमें लावलीं. पण तीं गोड फार. हिरवीं महाग पडलीं, म्हणून मीं गाळून झाल्यावर एका लिंबाचा रस पिळला, आणि तें साधलें. थोरल्या जाऊबाईंनीं दोन पेले घेतले व म्हणाल्या, “एवढे लाखभर रुपये विमानाला घालून काढा शिकून आलीस?” सासूबाईंनीं वास घेतला, घटकाभर विचार केला, आणि फळ, सुंठ, गूळ सगळेंच चालतें तेव्हां हें उपासालाही चालेल असा निर्णय दिला. त्यांनीं नांव विचारलें. मीं सांगितलें, सफरचंदाचा काढा.

रविवारीं दूरध्वनीवर नातवाला हें कळलें, तेव्हां तो पलीकडून ओरडून म्हणाला, “आजी, काढा नाहीं, सायडर!”