बंपर लोखंडाचा की जर्मनचा?

सन २०२४ च्या दिवाळीआधी आमच्या घरात महिनाभर एकच वाद चालला होता. वाद शेताच्या वाटणीचा नव्हता की कुणाच्या सोयरिकीचा नव्हता. जीपच्या तोंडावर बसवायचा गार्ड लोखंडाचा घ्यावा की ॲल्युमिनियमचा, एवढाच तो वाद. ऐकणाऱ्याला हसू येईल. पण ज्याच्या दारात गाडी आहे आणि त्या गाडीला पावसाळ्यात काळ्या रानातून वाट काढावी लागते, त्याला हसू यायचे नाही. शिवाय त्या वादाच्या शेवटी मला एक अशी गोष्ट कळली की जी दोन वर्षे माझ्या डोळ्यांसमोर असूनही मी पाहिली नव्हती. म्हणून झाले ते सगळे सांगतो.

आमचे गाव जिंतूर तालुक्यात, परभणीच्या रस्त्यापासून तीन किलोमीटर आत. आता सडक झाली आहे, पण शेतापर्यंतची वाट अजून मातीचीच. आमची काळी जमीन कशी असते ते परभणी जिल्ह्यातल्या माणसाला सांगायला नको. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा, आणि दोन पाऊस झाले की चाकाला धरून बसणारा चिखल. त्या वाटेवर दुचाकी चालत नाही, साधी मोटार तर नाहीच. म्हणून २००९ साली कापसाचे पैसे आले तेव्हा मी एक जुनी जीप घेतली. १९९६ सालची कमांडर. तिने खताच्या गोण्या वाहिल्या, कापूस वेचणाऱ्या बायका नेल्या-आणल्या, दुधाचे कॅन पोचवले आणि रात्री-अपरात्री आजारी माणसेही दवाखान्यात नेली.

२०१२ साली आईच्या पोटात असह्य दुखू लागले म्हणून तिला घेऊन संध्याकाळी परभणीला निघालो. बोरी मागे पडली आणि झरीच्या अलीकडे उसातून एक रोही धावत आला तो थेट गाडीच्या तोंडावर. जाळी आत गेली, रेडिएटर फुटला, पाणी रस्त्यावर वाहून गेले. दुसरी गाडी मिळेपर्यंत दीड तास आई रस्त्याच्या कडेला सतरंजीवर कण्हत पडली होती. ती वाचली, पुढे नऊ वर्षे जगली. पण तो दीड तास मी विसरलो नाही. पुढच्याच आठवड्यात परभणीच्या एका वेल्डिंगवाल्या चाचांकडून तीन इंची लोखंडी पाईपचा जाडजूड गार्ड करून घेतला आणि तो चेसीला कसून टाकला. त्यानंतर मी निर्धास्त झालो. गार्ड कसला, मला तर तो कवचकुंडलेच वाटत होता.

बारा वर्षांत त्या कवचकुंडलांना गंज लागला. चिखल आत साचून राहायचा आणि पाईप आतून सडत जायचा. शेवटी २०२४ च्या पोळ्याच्या सुमारास एका बाजूचा जोड तुटला आणि गार्ड लोंबू लागला.

आमचा मुलगा म्हणाला, "दादा, आता लोखंड नको. ॲल्युमिनियमचा गार्ड घेऊ. हलका असतोय, गंजत नाय. डोंगरात गाड्या घालणारे लोक आता तसलेच बसवायलेत."

मी म्हणालो, "जर्मनचा गार्ड? रोही आला तर पापडासारखा मोडंल."

आमच्याकडे जुनी माणसे ॲल्युमिनियमला जर्मनच म्हणतात. सौ. चुलीपुढे बसून ऐकत होत्या. त्यांनी कोनाड्यातले एक जुने जर्मनचे पातेले आणून आमच्यापुढे ठेवले. त्याला पोचा आला होता, तो ठोकून काढला, पुन्हा आला, पुन्हा ठोकला आणि तिसऱ्या वेळी तिथेच चीर पडली. "हे बघा आणि मग भांडा," एवढेच त्या म्हणाल्या. मला वाटले, वाद मी जिंकला. पण मुलगा हटेना. म्हणून एका बाजारच्या दिवशी तो तुटका गार्ड गाडीत टाकून आम्ही दोघे त्याच चाचांकडे गेलो.

चाचांनी आधी गार्ड शेजारच्या भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवायला लावला. बेचाळीस किलो भरला. म्हणजे मणभर आणि वर दोन किलो. मग त्यांनी मला विचारले, "पाटील, बैलगाडी धुरजड झाली तर काय होतंय?"

मी म्हणालो, "बैलाच्या मानेवर ओझं येतंय."

"मग हे मणभर ओझं तुम्ही पुढच्या चाकांच्याही पुढं टांगलंय. समोरचे पाटे कामून बसायलेत, टायर एका बाजूनं कामून झिजायलंय, ते आता कळलं का?"

खरेच होते. चिखलात आमच्या गाडीचे तोंड आधी रुतायचे आणि मी जमिनीला दोष द्यायचो.

मग चाचांनी दोन्ही धातूंचा हिशेब मांडला. तो मी इथे देतो, कारण गाडीच काय, ट्रॉलीचे फाळके किंवा पाण्याची टाकी करतानाही तो उपयोगी पडेल. एवढ्याच आकाराच्या पोलादाच्या मानाने ॲल्युमिनियमचे वजन साधारण तिसरा हिस्सा भरते. पण ते तेवढे ताठ नसते. म्हणून तेवढेच काम त्याच्याकडून करून घ्यायचे तर पत्रा जाड घ्यावा लागतो आणि वजनाची बचत दिसते तेवढी होत नाही. निम्म्याच्या आसपास झाली तरी पुष्कळ. ॲल्युमिनियमला तांबडा गंज चढत नाही, कारण हवेत त्याच्यावर आपोआप एक बारीक थर धरतो आणि तोच आतल्या धातूला राखतो. मात्र तो लोखंडी बोल्टने कसला आणि मधे ओल राहिली, तर सांध्यापाशी पांढरी भुकटी सुटून ॲल्युमिनियम खाल्ले जाते. मधे रबराची किंवा प्लास्टिकची चकती घालावी लागते.

मोडतोडीचे गणित निराळेच. लोखंड वाकते, तापवून ठोकले की सरळ होते आणि कुठल्याही गावातला वेल्डिंगवाला कांडी लावून ते जोडून देतो. ॲल्युमिनियमला आर्गन गॅसचे वेल्डिंग लागते आणि हातही त्यात मुरलेला लागतो. लोखंड तापले की लाल होऊन सांगते. ॲल्युमिनियम ६६० अंशांच्या आसपास वितळते, पण रंग बदलून सूचना देत नाही. एकदम ओघळते. शिवाय जोड दिलेल्या जागी ते मऊ पडते. चाचा म्हणाले, "माझ्याकडं त्याचं काम होत नाय. तुमच्या शिवारात मोडलं तर तुम्ही कुठं जाणार?" किंमतही विचारली. दुकानातला तयार ॲल्युमिनियमचा गार्ड लोखंडाच्या अडीचपट पडत होता.

परत येताना मुलगा मोबाईलवर शोधत होता. त्याने वाचून सांगितले की इंग्लंडात १९४८ साली पहिली लँड रोव्हर गाडी निघाली, तेव्हा महायुद्धामुळे तिकडे पोलादाचा तुटवडा होता म्हणून तिचे अंग ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे केले, पण चेसी मात्र पोलादाचीच ठेवली. मला ते पटले. ज्याचे काम त्याने करावे. मी मनाशी ठरवले, पुन्हा लोखंडाचाच गार्ड, फक्त थोडा हलका.

संध्याकाळी ओट्यावर पुन्हा तीच चर्चा निघाली. आमचे सालगडी मामा खाली पायरीवर बसले होते. त्यांच्याबद्दल आधी सांगायला हवे होते. २०२२ च्या भाद्रपदात अंधार पडता पडता मी गोठ्याच्या वळणावरून जीप काढत होतो. वेग बैलगाडीपेक्षा थोडाच जास्त. समोरून मामा डोक्यावर गवताचा भारा घेऊन आले. भाऱ्यामुळे त्यांना गाडी दिसली नाही आणि वळणामुळे मला ते दिसले नाहीत. गार्डचा बाहेर आलेला कोपरा त्यांच्या मांडीवर बसला. मांडीचे हाड मोडले. परभणीला नेऊन आत सळई घातली. खर्च आम्ही केला, सालही चालू ठेवले, दाणेही पोचवले. पण सहा महिने तो कष्टाचा माणूस खाटेवर पडून होता आणि आजही पाय ओढत चालतो. त्या रात्री दवाखान्यात त्यांनी मला पहिला प्रश्न विचारला तो असा : "गाडीला काय झालं नाय ना, मालक?"

गाडीला काही झाले नव्हते. गार्डचा साधा रंगसुद्धा उडाला नव्हता. आणि खरे सांगतो, त्या वेळी मला त्याचे बरेच वाटले होते.

त्या संध्याकाळी आमचे लोखंड आणि जर्मन ऐकून घेऊन मामा हळूच म्हणाले, "मालक, समोरच्याला दोन्ही सारखेच लागतेत."

ओट्यावर कोणी काही बोलले नाही. मुलगा उठून आत गेला. थोड्या वेळाने बाहेर येऊन त्याने मला मोबाईलवरचा मजकूर वाचून दाखवला. केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच सर्व राज्यांना कळवले होते की गाड्यांना असे गार्ड लावणे बेकायदा आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे कारखान्याने दिलेल्या गाडीत असा मनचा बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने तर अशा प्रत्येक फेरफाराला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. आणि बंदीचे कारण दंडापेक्षा मोठे आहे. पायी चालणाऱ्याला असला गार्ड जबर जखमी करतो. आतल्या माणसालाही तो राखतोच असे नाही. नव्या गाड्यांचे तोंड मुद्दाम असे केलेले असते की आदळल्यावर ते चेपावे आणि धक्का त्यातच जिरावा. गवताच्या गंजीवर पडणे आणि दगडावर पडणे यात जो फरक, तोच इथे. चेसीला कसलेला गार्ड तो धक्का न जिरवता सरळ आत पोचवतो. ज्या गाड्यांत हवेच्या पिशव्या असतात, त्यांचे वेळेवर उघडणेही अशा गार्डने बिघडू शकते.

२०२१ च्या पासिंगच्या वेळी कोणीतरी सांगितले म्हणून मी गार्ड सोडून गाडी नेली होती आणि घरी येऊन पुन्हा बसवला होता. का सोडायचा, हे विचारायची बुद्धी मला झाली नाही. ती झाली असती तर २०२२ च्या त्या संध्याकाळी मामांच्या मांडीवर तो कोपरा बसला नसता.

शेवटी आम्ही दोन्ही गार्ड सोडले. गाडीबरोबर मुळात जो बंपर येतो, तसला साधा पोलादी बंपर जुन्या बाजारातून आणला. चाचांनी गंज खरवडून लाल रंगाचे अस्तर दिले, वर काळा रंग मारला. आता पावसाळ्यात दर आठवड्याला बंपरच्या मागचा चिखल पाण्याने काढतो. रोह्याच्या भीतीवर उपाय म्हणून दिव्यांचा झोत नीट लावून घेतला, काच बदलली आणि उसाच्या फडांमधून जाताना रात्रीचा वेग निम्मा केला. बाभळीच्या वळणावर थांबून हॉर्न देतो. पुढच्या पाट्यांना आराम पडला आहे आणि चिखलात गाडी पूर्वीसारखी नाकावर बसत नाही.

कधी रोही येईल, रेडिएटर फुटेल, हे मला ठाऊक आहे. पण रेडिएटरला डाग देता येतो.

वाचकहो, धातूचा प्रश्न खोटा नव्हता. कुणी कायदेशीर कामासाठी, औजारासाठी, ट्रॉलीसाठी विचारत असेल तर मी आज असे सांगेन : जे आपल्या गावात दुरुस्त होते ते घ्यावे आणि वजनाचा हिशेब आधी करावा. पण गाडीच्या तोंडावर काय असावे हे ठरवताना आम्ही बाप-लेक दोघेही गाडीच्या आत बसून विचार करत होतो. मामा गाडीच्या समोर उभे राहिलेले होते.

तो बेचाळीस किलोचा गार्ड भंगारात द्यायला निघालो तेव्हा मामांनीच अडवले. त्यांनी तो परसात उभा पुरला आणि त्यावर दोडक्याचा वेल चढवला. या पावसाळ्यात दोडके बरे लागले होते. पहिली टोपली त्यांनी आमच्या घरी पाठवली.