'ती ट्यूब' आणि गजकर्ण

पावसाळा सुरू झाला की माझ्या औषधांच्या दुकानात एक वाक्य हमखास ऐकू येतं, "काका, खाजेची ती ट्यूब द्या!" कोल्हापुरात तालमी पुष्कळ. घाम, ओले कपडे आणि अंगाला अंग घासणं म्हणजे गजकर्णाला आमंत्रणच!

गजकर्ण म्हणजे कातडीवर वाढणारी बुरशी. आपल्या त्वचेतलं, केसांतलं आणि नखांतलं केराटिन हे तिचं खाद्य. ती कडेकडेनं पसरते, म्हणून चट्टा गोल दिसतो. क्लोट्रिमाझोलसारखं मलम या बुरशीच्या पेशीचं आवरणच कमकुवत करतं. पण हे काम दोन दिवसांत उरकत नाही, त्याला काही आठवडे लागतात.

एकदा एक शाळकरी पैलवान वडिलांबरोबर आला. मानेपासून पाठीपर्यंत चट्टे! "ही ट्यूब लावली की खाज थांबती, सोडली की दुप्पट," वडील म्हणाले. "कुस्ती आठ दिवसांवर आलीया, तेवढी द्या की!"

ट्यूबवरची बारीक अक्षरं मी त्यांना वाचून दाखवली. बुरशीच्या औषधात स्टेरॉइड मिसळलेलं होतं. स्टेरॉइडनं लाली आणि खाज दबते, पण बुरशीशी लढणारी शरीराची ताकदही दबते. चोर घरात असताना पहारेकऱ्यालाच झोपवल्यासारखं! शिवाय ते फार दिवस लावलं तर कातडी पातळ होते. अशी मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला २०१८ साली सरकारनं मनाई केली, ती उगाच नव्हे.

वडील रागावले; पण गेले त्वचारोगतज्ज्ञांकडेच. मुलाची कुस्ती हुकली. त्याला रडू आलं, हे मला ठाऊक आहे. पण तालमीतल्या इतर पोरांची पाठ वाचली!

तुम्हीही एवढं कराच. चट्टा दिसला तर लाजून लपवू नका, घरी सांगा. जागा धुऊन, कोरडी करून, चट्ट्याच्या थोडं बाहेरपर्यंत मलम लावा आणि मग हात धुवा. खाज थांबली तरी डॉक्टरांनी सांगितलेले दिवस पुरे करा. डोक्यातल्या गजकर्णाला नुसतं मलम पुरत नाही, पोटातून औषध घ्यावं लागतं. टॉवेल आणि कंगवा प्रत्येकाचा वेगळा हवा.

आणि शेजारच्या काकूंना गुण आला म्हणून त्यांची ट्यूब? छे! ती त्यांच्याच कपाटात बरी!