रिकामी मालगाडी

घरात नवी वस्तू आली की ती कुठे ठेवावी याबद्दल सर्वांत ठाम मत त्याचं असतं, ज्याला ती काय आहे हे माहीत नसतं. आमच्याकडे सबवूफर आला तेव्हा घरात चार माणसं होती आणि पाच मतं. पाचवं मत दुकानातून आलेल्या मुलाचं. त्याने ते खोकं टीव्हीजवळच्या कोपऱ्यात सारलं आणि तो गेला. कोपऱ्यात आवाज सर्वांत मोठा होतो, हे खरं. पण मोठा म्हणजे सगळीकडे सारखा नव्हे.

चिरंजीवांनी सिनेमा लावला. पडद्यावरून मालगाडी धडधडत गेली. मागच्या भिंतीला टेकून बसलेली आमची ही ओरडली, "अहो, माझ्या डोक्यावरून गेली!" पंख्याखाली आरामखुर्चीत बसलेले अण्णा म्हणाले, "गेली, पण रिकामी."

अण्णांची ३५ वर्षं रेल्वेत गेली. म्हातारपणी कान आधी बारीक, वरच्या पट्टीतले आवाज सोडतात. संवाद कळेनात म्हणून त्यांनी आमच्यात बसणंच सोडलं होतं. मालगाडी आहे म्हणून त्यांना मुद्दाम बोलावलं, तर तीही रिकामी! ते उठायला लागले.

चिरंजीवांनी हिशेब मांडला. सेकंदाला ४० कंपनांच्या घरघरीची लाट सुमारे २८ फूट लांब. आमचा हॉल १४ फूट. म्हणजे बरोबर अर्धी लाट मावते. ती घरघर दोन्ही टोकांच्या भिंतींशी तुंबते आणि मधोमध जवळजवळ नाहीशी होते. अण्णांची खुर्ची नेमकी मधोमध! आवाज वाढवूनही उपयोग नाही. शून्याला कितीने गुणलं तरी शून्य, एवढं कॉमर्सवाल्यालाही कळतं.

आता २० वर्षं एका जागी असलेल्या खुर्चीच्या बदलीची ऑर्डर कोण काढणार? मीच धीर करून म्हटलं, "अण्णा, जरा सायडिंगला घेऊ या?" अण्णा हसले. खुर्ची अडीच फूट मागे गेली, सोबत टेबलफॅनही.

मग उलटा न्याय सुरू झाला. खोक्याने अण्णांच्या खुर्चीत बसायचं आणि आम्ही भिंतीच्या कडेकडेने रांगत ऐकायचं. जिथे खालचे सगळे सूर सारखे ऐकू येतील, ती खोक्याची जागा. खोकं आणि कान यांची अदलाबदल केली तरी बेरीज तीच येते. मी कपाटाखाली कान लावलेला असताना शेजारच्या वहिनी विरजण मागायला आल्या.

"काही हरवलंय का?"

"मालगाडी," मी म्हणालो. वहिनी विरजण न घेताच गेल्या.

जागा सापडली ती डाव्या भिंतीला, गव्हाच्या कोठीशेजारी. इतका खालचा आवाज कुठून येतो हे कानाला ओळखता येत नाही, त्यामुळे खोकं टीव्हीपाशीच हवं असं काही नाही. कोठीचं झाकण थरथरू नये म्हणून त्यावर वरवंटा ठेवला.

पुन्हा गाडी सोडली. अण्णांनी डोळे मिटले, खुर्चीच्या हातावर बोटं टेकली. शेवटचा डबा जाईपर्यंत ते हलले नाहीत.

"भरलेली होती," ते म्हणाले. मग चिरंजीवांकडे वळून विचारलं, "पुढची केव्हा आहे?"