दप्तर कुणी भरायचं?

शाळा सुरू झाल्यावर जूनच्या अखेरीस आणि पुन्हा दिवाळीच्या सुट्टीनंतर, माझ्या दवाखान्यात सकाळी पोट दुखणारी मुलं वाढतात. हे पोट रविवारी दुखत नाही, सोमवारी पहाटेपासून दुखतं. गेल्या वर्षी असाच एक तिसरीतला मुलगा आईबरोबर आला. पोट मऊ होतं. ताप नाही, उलटी नाही, भूक ठीक, रात्री झोपेतून उठून कधी दुखलं नाही. तपासून झालं आणि आईच्या खांद्यावरच्या दप्तराकडे माझं लक्ष गेलं. ते मी सहज वजनकाट्यावर ठेवलं. साडेपाच किलो! मुलाचं स्वतःचं वजन २४ किलो. केंद्र सरकारच्या २०२० च्या दप्तर धोरणाप्रमाणे दप्तर मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांच्या आत असायला हवं, म्हणजे याचं अडीच किलोपेक्षा कमी.

"एवढं काय असतं रे यात?"

"सगळं," तो म्हणाला.

आईनं खुलासा केला, "कोणत्या वारी काय न्यायचं ते त्याच्या लक्षात राहत नाही, मॅडम. मग सगळंच नेतो. तरी लागणारी वही नेमकी घरीच असते." दप्तर उघडलं तर आत तीन टोकं तुटलेल्या पेन्सिली, एक मोजा, कालचा अर्धा डबा आणि दीड महिन्यापूर्वीच्या पालकसभेची चुरगळलेली सूचना. जाता जाता आईनं आवाज खाली करून विचारलं, "हा मुद्दाम करतो का हो?"

या प्रश्नाचं उत्तर मला माहीत होतं. पुस्तकातून नाही, घरातून. माझ्या मुलाची परवानगी घेऊन ती गोष्ट इथे लिहिते आहे.

तो चौथीत होता. संध्याकाळचा दवाखाना आटोपून मी साडेनऊला घरी यायचे, जेवण झालं की त्याचं दप्तर घेऊन बसायचे. वेळापत्रक बघून वह्या लावायच्या, गृहपाठ राहिलाय का ते शोधायचं, पेन्सिलींना टोकं करायची. पहिलीपासून हे रोज चाललं होतं. मुलगा हुशार, पण विसराळू, म्हणून मी करायचे. मग एका पावसाळ्यात मला डेंग्यू झाला आणि आठ दिवस रुग्णालयात राहावं लागलं. घरी आले तर त्याच्या डायरीत लाल शाईचे सहा शेरे. 'गृहपाठ नाही.' 'वही आणली नाही.' 'पालकांनी भेटावे.'

मी थकलेली होते, चिडलेली होते. त्याला एक चापट मारली आणि म्हणाले, "आई आजारी आहे एवढंही कळत नाही का तुला?" तो रडला नाही. म्हणाला, "तूच भरतेस ना? मला नाही माहीत कुठे काय असतं."

ते खरं होतं. चार वर्षं मी त्याचं दप्तर भरलं होतं आणि एकदाही त्याला दप्तर भरायला शिकवलं नव्हतं. पाढे शिकवले, पोहायला शिकवलं, पण हे 'आपोआप येतं' असं धरून चालले होते. बहुतेक मुलांना ते बघून बघून येतंही. काही मुलांना येत नाही. त्यांना ते पाढ्यांसारखंच पायरी-पायरीनं शिकवावं लागतं. पुढे बालमानसोपचारतज्ज्ञांनी त्याला एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकवण्याची अडचण असल्याचं निदान केलं. स्वतः एमडी असूनही मला ते आधी दिसलं नव्हतं, कारण तो उड्या मारणारा, खोड्या काढणारा नव्हता. शांत बसून खिडकीबाहेर बघणारा होता. अशा शांत मुलांचं, विशेषतः मुलींचं, निदान हमखास उशिरा होतं.

हे असं का होतं?

गृहपाठ लिहून घेणं हे आपल्याला एक काम वाटतं. प्रत्यक्षात ती साखळी आहे. फळ्याकडे बघायचं, वाक्य डोक्यात धरून ठेवायचं, डायरी शोधायची, लिहायचं, वही दप्तरात टाकायची, घरी ती आठवणीनं काढायची, पूर्ण करून परत ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी बाईंना द्यायची. थोड्या वेळापुरती माहिती डोक्यात धरून ठेवणारी जी स्मृती असते, ती या मुलांत लवकर गळते. डायरी शोधेपर्यंत फळ्यावरचं वाक्य निसटलेलं असतं. कडी एक तुटते, पण शेरा पूर्ण साखळीवर बसतो.

कामं ठरवणं, क्रम लावणं, वेळेचा अंदाज घेणं हे मेंदूच्या पुढच्या भागाचं काम. २००७ मध्ये अमेरिकेतल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेच्या संशोधकांनी मुलांच्या मेंदूंची एमआरआय छायाचित्रं वर्षानुवर्षं काढून तुलना केली. मेंदूच्या बाह्य थराचा निम्मा भाग आपली कमाल जाडी इतर मुलांत साधारण साडेसाताव्या वर्षी गाठत होता, एडीएचडी असलेल्या मुलांत साडेदहाव्या वर्षी. वाढीचा क्रम तोच, फक्त उशिरा, आणि हा उशीर पुढच्या भागात सर्वांत ठळक. म्हणून नऊ वर्षांच्या अशा मुलाकडून सामान सांभाळण्याची अपेक्षा ठेवताना, सहा-सात वर्षांच्या मुलाला किती मदत लागते ते आठवा. तो गणितात मात्र नऊ वर्षांचाच असतो, म्हणून आपली फसगत होते.

तेव्हा, मुद्दाम करतो का? नाही. काय करायचं ते त्याला माहीत असतं, पण त्या क्षणी ते आठवत नाही. त्यामुळे 'किती वेळा सांगितलं तुला' या वाक्याचा उपयोग होत नाही.

आधी तपासणी

विसरणारं प्रत्येक मूल एडीएचडीचं नसतं. मी आधी साध्या गोष्टी बघते. फळा दिसतो का? सर्दीनं कान बंद राहून ऐकू कमी येतं का? हिमोग्लोबिन किती आहे? रात्री झोप पुरेशी होते का? ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास झोप लागते. घोरतो का? मधेच काही सेकंद टक लावून हरवतो आणि हाक मारली तरी भानावर येत नाही, असं होतं का? तो फिटचा एक प्रकार असू शकतो. वाचनलेखनाची वेगळी अडचण आहे का? घरात भांडणं, आजारपण, कुणाचा मृत्यू झाला आहे का? एडीएचडीच्या निदानासाठी लक्षणं किमान सहा महिने, घर आणि शाळा अशा दोन ठिकाणी आणि बाराव्या वर्षाच्या आत सुरू झालेली असावी लागतात. हे निदान बालरोगतज्ज्ञ किंवा बालमानसोपचारतज्ज्ञांनी करायचं. मोबाइलवरच्या प्रश्नावलीवरून आपण नाही.

शिकवलं तर येतं का?

येतं. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात तिसरी ते पाचवीतली, एडीएचडी असलेली १५८ मुलं होती. एका गटाला दहा-बारा आठवड्यांत २० तासिका घेऊन चार गोष्टी शिकवल्या. गृहपाठ टिपून घेणं, सामान सांभाळणं, वेळेचा हिशेब आणि मोठ्या कामाचे तुकडे पाडणं. दुसऱ्या गटात पालक आणि शिक्षकांना, ठरलेली गोष्ट झाली की लगेच शाबासकी व गुण देण्याची पद्धत शिकवली. नुसत्या थांबलेल्या मुलांपेक्षा दोन्ही गट बरेच सुधारले आणि फायदा पुढच्या शालेय वर्षातही दिसला. माझ्या घरात आणि दवाखान्यात जे उपयोगी पडलं, ते याच चार खणांत बसतं.

सामान. आपल्याकडे सगळ्या वह्यांना एकसारखी खाकी कव्हरं घालतात. या मुलांना खाकी गठ्ठ्यातून परिसर अभ्यासाची वही शोधणं कठीण जातं. प्रत्येक विषयाला एक रंग ठरवा, कव्हरच्या कडेला त्या रंगाची चिकटपट्टी लावा आणि वेळापत्रकातही तोच रंग भरा. एक पारदर्शक फोल्डर घ्या. डावीकडे 'घरी दाखवायचं', उजवीकडे 'शाळेत द्यायचं'. चपलांच्या कपाटाजवळ दप्तराची एक जागा ठरवा. दप्तर रात्री जेवणाआधी भरायचं, सकाळी नाही. आणि शनिवारी ते पूर्ण उपडं करायचं. मोजा तेव्हाच सापडतो.

गृहपाठ टिपणं. हल्ली गृहपाठ आयांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येतो. सोयीचं आहे, पण त्यामुळे लिहून घेण्याची गरजच मुलाला उरत नाही. आधी त्याची डायरी बघा, ग्रुप फक्त पडताळणीसाठी. वर्गशिक्षिकांना एवढीच विनंती करा की शाळा सुटण्याआधी अर्धा मिनिट त्याच्या डायरीवर नजर टाकून सही करावी. पन्नास मुलांच्या वर्गात याहून जास्त मागणं मला तरी रास्त वाटत नाही, आणि एवढ्याला सहसा कुणी नाही म्हणत नाही.

वेळ. भिंतीवर काट्यांचं घड्याळ हवं, कारण त्यात वेळ सरकताना दिसते. शुद्धलेखनाला किती वेळ लागेल ते मुलालाच विचारा, वहीत लिहा, मग प्रत्यक्ष मोजा. माझा मुलगा सुरुवातीला प्रत्येक कामाला 'पाच मिनिटं' म्हणायचा. महिन्याभरात त्याचे अंदाज सुधारले. दहा-पंधरा मिनिटं अभ्यास, पाच मिनिटं सुट्टी, असं ठेवा.

मोठं काम. शुक्रवारी प्रकल्प द्यायचा असेल तर तो गुरुवारी रात्री साडेनऊला आठवतो आणि मग वडील कार्डशीट शोधत फिरतात. घरातल्या कालनिर्णयवर मुलाच्याच हातानं लिहून घ्या. सोमवारी सामान, मंगळवारी चित्रं, बुधवारी चिकटवणं, गुरुवारी नावगाव.

शिकवायचं कसं

हे सगळं एकदम सुरू करू नका. एका वेळी एकच गोष्ट, दोन-तीन आठवडे. दप्तरापासून सुरुवात करा. पाच ओळींची यादी मुलाच्या अक्षरात, हवी तर चित्रांसह, दाराजवळ लावा. पहिल्या आठवड्यात त्याच्याबरोबर बसून भरा. दुसऱ्या आठवड्यात शेजारी फक्त उभं राहा. मग स्वयंपाकघरातून विचारा, "यादीत पुढे काय आहे?" "गणिताची वही घेतलीस का?" असं विचारलंत, तर यादी तुमच्या डोक्यात राहते. पुढे फक्त शेवटी बघा. हात एकदम काढू नका, सायकल शिकवताना जसा हळूहळू सोडतो तसा सोडा.

जमलं की लगेच सांगा, आणि नेमकं सांगा. 'शहाणा मुलगा' यापेक्षा 'आज न सांगता फोल्डर काढलंस' हे जास्त कळतं. रोजच्या खुणा साठवून रविवारी त्याच्या आवडीचं काही ठरवा, पैसे किंवा महागडी वस्तू नको. पेन्सिल हरवली तर ओरडू नका, घरात डझनभर ठेवा. आपण पेन्सिली मोजण्यासाठी हे करत नाही.

परत घसरण होणार, हे धरून चाला. दिवाळीच्या सुट्टीनंतर बहुतेक घरांत यादी पुन्हा पहिल्यापासून सुरू करावी लागते. शिकवणं वाया गेलं असा त्याचा अर्थ नाही.

औषधांबद्दल नेहमी विचारलं जातं. ज्या मुलांना गरज आहे त्यांना तज्ज्ञांच्या देखरेखीखाली दिलेल्या औषधानं लक्ष टिकायला चांगली मदत होते. त्याची भीती बाळगू नका, पण दुसऱ्याच्या मुलाची चिठ्ठी बघून सुरूही करू नका. सहा वर्षांखालच्या मुलांत आधी वर्तनाचे उपाय करतात. आणि औषध लक्ष देतं, दप्तर भरायला शिकवत नाही. ते आपल्यालाच करावं लागतं.

आणखी एक. ही अडचण बरेचदा घराण्यात चालते. त्या तिसरीतल्या मुलाचे वडील पुढच्या वेळी आले ते गाडीची किल्ली शोधतच. म्हणाले, "मॅडम, मी पण असाच होतो, फार मार खाल्लाय." मी त्यांना वेगळी यादी दिली नाही, मुलाच्याच यादीखाली 'बाबांची किल्ली' ही सहावी ओळ लिहायला सांगितली. मुलाला ती फार आवडली. आता तो रोज रात्री वडिलांना विचारतो.

तीन महिन्यांनी पुन्हा वजनकाटा काढला. दप्तर तीन किलो भरलं. अजून थोडं जास्तच. पाण्याच्या दोन बाटल्या मधल्या काळात हरवल्या आहेत. पण सोमवारचं पोट थांबलं आहे, आणि त्याची आई आता 'मुद्दाम' हा शब्द वापरत नाही.

माझा मुलगा आता सव्वीस वर्षांचा आहे, दुसऱ्या शहरात नोकरी करतो. मागच्या महिन्यात त्याच्या खोलीवर गेले होते. दाराच्या आतल्या बाजूला पाच ओळींची यादी होती. त्या चापटीबद्दल मी त्याची माफी मागितली. त्याला ती चापट आठवत नव्हती. मला आठवते.

तुमच्या घरात असं मूल असेल तर आज रात्री एवढंच करा. दप्तर तुम्ही भरू नका आणि त्याला एकट्यालाही भरायला लावू नका. शेजारी बसा, आणि हात त्याचे चालू द्या.