महाबळेश्वरचं दगडफूल

गोड्या मसाल्यात आपण सगळ्याच दगडफूल घालतो. पण ते उगवतं कुठं, हे पाहिलंय कधी? मीही पाहिलं नव्हतं.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही महाबळेश्वरला गेलो होतो. पॉइंट पाहून मुलं कंटाळली, म्हणून रानातल्या पायवाटेनं निघालो. एका जांभ्या दगडावर करडी, दुमडल्या कडांची नक्षी दिसली. "अहो, हे तर दगडफूल!" असं म्हणत मी केसातल्या आकड्यानं ते खरवडून रुमालात घेतलंसुद्धा.

बरोबर वन्सं होत्या. त्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतात. म्हणाल्या, "वहिनी, थांबा! हे वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर वाढतं. शिवाय रानातून परवानगीशिवाय काही न्यायचं नसतं." मी ओशाळले.

मग त्यांनी समजावलं. हे फूल नव्हेच. हा बुरशी आणि शेवाळाचा संसार! शेवाळ उन्हात अन्न तयार करतं, बुरशी घर सांभाळते, ओल धरून ठेवते. मुळं नाहीत, जे घ्यायचं ते पावसातून आणि हवेतून. म्हणून धुरातला गंधकाचा वायू त्याला सोसत नाही. पॅरिसच्या लक्झेंबर्ग बागेतल्या दगडफुलांच्या जातींची नोंद निलांडर या शास्त्रज्ञानं १८६६ मध्ये केली होती. पुढच्या तीसेक वर्षांत त्या तिथून नाहीशा झाल्या. आधीची नोंद होती, म्हणून तर काय गेलं ते कळलं.

अभ्यासासाठी घेतलेला नमुना वाळवून कागदाच्या पाकिटात ठेवतात. वर चिठ्ठी असते: नाव, ठिकाण, उंची, दगडावर होतं की झाडाच्या सालीवर, तारीख आणि गोळा करणाऱ्याचं नाव. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत अशी पाकिटं जपून ठेवलेली आहेत. "चिठ्ठी नसली, तर तो नुसता मसाल्याचा जिन्नस," वन्सं म्हणाल्या.

ते वाक्य मनाला लागलं. आईच्या मसाल्याचं प्रमाण मी कधी लिहून घेतलं नाही. आई गेली, आणि ती चवही गेली.

खरवडलेला तुकडा काही परत चिकटत नाही. वन्संनी तो कागदात घडी करून ठेवला आणि चिठ्ठी माझ्याकडून लिहून घेतली. गोळा करणाऱ्याच्या जागी माझं नाव लिहिताना हात जरा अडखळलाच.

तेव्हा महाबळेश्वरला गेलात, तर दगडफूल जरूर पाहा, पण खरवडू नका. मसाल्यापुरतं वाण्याकडे मिळतं. आणि घरी आई, सासूबाई असतील, तर त्यांच्या मसाल्याचं प्रमाण आजच वहीत उतरवून घ्या. तारीख घालायला विसरू नका हं!