पहिली बाई आणि उरलेले दिवस

संपादकांनी फोनवर विषय सांगितला आणि लगेच इशाराही दिला. विषय असा, की देशाला पहिली स्त्री नेता मिळते तेव्हा लोक कोणत्या आशा धरतात आणि कोणत्या शंका काढतात. इशारा असा, की आकडे बेताचे ठेवा, वाचक चकली खात अंक वाचतो. विषय मी आनंदानं घेतला. इशाऱ्यालाही हो म्हटलं, पण राज्यशास्त्राच्या माणसाचं असलं वचन संपादकांनी फार मनावर घेऊ नये.

निमित्तं दोन आहेत. इंदिरा गांधींनी पंतप्रधानपदाची पहिली शपथ घेतली त्याला यंदाच्या 24 जानेवारीला 60 वर्षं झाली. दुसरं जपानचं. गेल्या दिवाळीत ऐन लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, 21 ऑक्टोबर 2025 ला, तिथल्या संसदेनं सनाए ताकाइची यांना पंतप्रधान केलं. त्या संध्याकाळी मला एका तरुण पत्रकाराचा फोन आला. "मॅडम, आता जपानी बायकांना चांगले दिवस येणार का?" मी सांगू लागले की बाईंच्या मंत्रिमंडळात त्यांच्याखेरीज दोनच स्त्रिया आहेत, नवरा-बायकोनं वेगवेगळी आडनावं लावायला त्यांचाच विरोध आहे, शिवाय त्यांच्या पक्षानं दोन्ही सभागृहांतलं बहुमत घालवल्यावर त्यांची पाळी आली आहे. तो म्हणाला, "म्हणजे हो की नाही?"

अशा फोनांना मी आता कंटाळले आहे. आठ मार्च आणि कुठली तरी 'पहिली' एवढ्याच दोन प्रसंगी आमची आठवण होते, आणि दोन्ही वेळा प्रश्न एकच असतो : ती काय करणार? तिच्या हाती काय दिलं, कधी दिलं आणि किती दिवसांसाठी दिलं, हे कुणी विचारत नाही. मी मात्र याच प्रश्नांवर काम करत आले. त्याचं श्रेय माझ्या हुशारीपेक्षा मी नोकरी केली त्या गावाला, म्हणजे चंडीगढला, जास्त आहे.

इथल्या सेक्टर 1 मध्ये ल कॉर्बुझिएनं बांधलेली विधानसभेची इमारत आहे. एकाच छपराखाली पंजाब आणि हरियाणा अशा दोन विधानसभा भरतात. हरियाणा विधानसभेच्या पहिल्या अध्यक्ष शन्नो देवी होत्या. 1966 च्या डिसेंबरात त्या खुर्चीवर बसल्या, आणि भारतातल्या कुठल्याही राज्याच्या विधानसभेच्या त्या पहिल्या स्त्री अध्यक्ष. सुरुवात इतकी दमदार झाली आणि त्यानंतर आजपर्यंत हरियाणाला एकही स्त्री मुख्यमंत्री मिळाली नाही.

यावर पुण्या-मुंबईकडचे मित्र लगेच मान हलवतात. हरियाणाच तो, म्हणतात, घुंघट, खाप पंचायती, 2011 च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे 834 मुली, तिथं दुसरं काय होणार? मग मी त्यांना तीन नावं सांगते. देशातल्या पहिल्या स्त्री मुख्यमंत्री सुचेता कृपलानी, उत्तर प्रदेश, 1963 : जन्म अंबाल्याचा. दिल्लीच्या पहिल्या स्त्री मुख्यमंत्री सुषमा स्वराज, 1998 : जन्म अंबाला छावणीतला, कायद्याचं शिक्षण इथल्या पंजाब विद्यापीठातलं, आणि 1977 मध्ये पंचविशीत हरियाणाच्या कॅबिनेट मंत्री. फेब्रुवारी 2025 मध्ये दिल्लीच्या मुख्यमंत्री झालेल्या रेखा गुप्ता : जन्म हरियाणातल्या जिंद जिल्ह्यातला. हरियाणाच्या मातीत मुख्यमंत्री होण्याजोग्या बाया उगवतात हे तर उघड आहे. त्यांना खुर्ची मिळते ती सीमा ओलांडल्यावर. तेव्हा मातीची, संस्कृतीची चर्चा मी बाजूला ठेवते आणि तिकीट कोण वाटतं, आमदार कुणाचे असतात, हे बघते.

आणि महाराष्ट्र? 1 मे 1960 पासून आपल्याकडेही शून्य. 2024 च्या निवडणुकीत हरियाणाच्या 90 आमदारांत 13 स्त्रिया निवडून आल्या, महाराष्ट्राच्या 288 मध्ये 21. टक्केवारी काढा : तिकडे चौदा, इकडे सात. जिजाऊ, अहिल्याबाई आणि सावित्रीबाईंची नावं घेत भाषणं करणाऱ्यांनी हा हिशेब एकदा स्वतः मांडून बघावा.

आता पंजाबकडे वळते, कारण माझं डोकं खाणारं प्रकरण तिथलं आहे. 31 ऑगस्ट 1995 ला मुख्यमंत्री बेअंत सिंग यांची इथल्या सचिवालयाच्या दारात बॉम्बस्फोटात हत्या झाली. त्यांच्या जागी हरचरण सिंग ब्रार आले. पक्षात धुसफुस वाढली, निवडणूक जवळ आली, हरणार हे दिसू लागलं, आणि 21 नोव्हेंबर 1996 ला काँग्रेसनं राजिंदर कौर भट्टल यांना मुख्यमंत्री केलं. पंजाबची पहिली स्त्री मुख्यमंत्री! मतदान अडीच महिन्यांवर होतं. 117 पैकी 14 जागा आल्या. बाईंची कारकीर्द 82 दिवसांची ठरली.

सुषमा स्वराज यांचं दिल्लीतलं राज्य 52 दिवसांचं. कांद्याचे भाव भडकले होते, भाजपनं मुख्यमंत्री बदलला, पण कांदा मुख्यमंत्री बघून स्वस्त होत नाही, हे लासलगावच्या वाचकाला मी सांगायला नको. 70 पैकी 15 जागा मिळाल्या. तमिळनाडूत एम. जी. रामचंद्रन गेल्यावर जानकी रामचंद्रन 23 दिवस मुख्यमंत्री होत्या. दिल्लीत आतिशी यांना सप्टेंबर 2024 मध्ये पद मिळालं तेव्हा निवडणूक पाच महिन्यांच्या आत होती, आणि त्यांनी तर शेजारी आधीच्या मुख्यमंत्र्यांची खुर्ची रिकामी ठेवूनच कारभार सुरू केला. कोठारात दाणा उरला नाही की किल्ल्या सुनेच्या कमरेला, तसला हा प्रकार.

आमच्या शास्त्रात याला 'काचेचा कडा' म्हणतात. इंग्लंडमधल्या एक्सेटर विद्यापीठात मिशेल रायन आणि अलेक्झांडर हॅस्लम यांनी 2005 मध्ये ही कल्पना मांडली. लंडनच्या एका वर्तमानपत्रानं लिहिलं होतं की संचालक मंडळावर बायका घेतल्या की कंपन्यांचे शेअर पडतात. या दोघांनी तारखा तपासल्या तेव्हा क्रम उलटा निघाला. शेअर आधी पडत होते, मग बाईला घेतलं जात होतं. मला हा शोध फार आवडतो, कारण त्यात यंत्रं नाहीत, सिद्धान्ताचा डोलारा नाही, नुसत्या तारखा नीट लावल्या आहेत. पुढच्या अभ्यासांत हा परिणाम काही ठिकाणी सापडला, काही ठिकाणी नाही, आणि त्यावरून आमच्या परिषदांत अजून खडाजंगी होते.

त्या खडाजंगीत माझंही एक तुणतुणं आहे, ते इथं वाजवल्याशिवाय मला राहवत नाही. भारतात आजवर 18 स्त्रिया मुख्यमंत्री झाल्या. अठरा नावांवर टक्केवारी काढून कुणी 'कल' सांगू लागला की मला राग येतो. त्यातही लोक त्यांची विभागणी 'घराण्यातल्या' आणि 'स्वकष्टाच्या' अशी करतात. ही विभागणी निरुपयोगी आहे असं मी म्हणत आले आहे, आणि त्यासाठी मी गोव्याचं उदाहरण देते. तिथले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर 12 ऑगस्ट 1973 ला वारले आणि त्यांच्या कन्या शशिकला काकोडकर मुख्यमंत्री झाल्या. घराणं? शंभर टक्के. पण निवडणूक आदल्याच वर्षी झाली होती, त्या स्वतः आमदार होत्या, मंत्रिपदाचा अनुभव होता, आणि पुढची निवडणूक तीन-साडेतीन वर्षं लांब होती. ताई एप्रिल 1979 पर्यंत टिकल्या, मधली निवडणूक पार करून. भट्टल काही कुणाची कन्या म्हणून आल्या नव्हत्या, त्यांना 82 दिवस मिळाले. म्हणून वंशावळीच्या आधी मी एकच रकाना बघते : पद हाती आलं त्या दिवशी विधानसभेची मुदत किती उरली होती.

या रकान्यानं मला अडचणीतही आणलं आहे, ते सांगितलंच पाहिजे. सप्टेंबर 2021 मध्ये पंजाबात काँग्रेसनं पुन्हा तेच केलं, पण या वेळी बाई नव्हती. चरणजितसिंग चन्नी, पंजाबचे पहिले दलित मुख्यमंत्री, निवडणुकीच्या पाच महिने आधी. 117 पैकी 18 जागा. म्हणजे हा कडा बायकांसाठी राखीव नाही, ज्यांना एरवी आत घेत नाहीत अशा कुणालाही त्यावर उभं करता येतं. इथवर माझा सिद्धान्त खुशीत होता. मग मार्च 2024 मध्ये हरियाणात भाजपनं मनोहरलाल खट्टर यांना बाजूला करून इतर मागासवर्गातले नायबसिंग सैनी आणले, निवडणूक सात महिन्यांवर असताना, आणि ऑक्टोबरात 90 पैकी 48 जागा जिंकल्या. एकाच छपराखालच्या दोन सभागृहांनी मला दोन उत्तरं दिली. पाठीशी उभी असलेली पक्षयंत्रणा कुठं मोजायची, हे माझ्या रकान्याला अजून जमलेलं नाही.

आता इंदिरा गांधी. शास्त्रीजी 11 जानेवारी 1966 ला ताश्कंदमध्ये गेले. 19 तारखेला काँग्रेसच्या खासदारांनी मोरारजी देसाईंविरुद्ध 355 विरुद्ध 169 मतांनी इंदिराबाईंना निवडलं. जनतेनं नव्हे, हे ध्यानात घ्या. पक्षातल्या बुजुर्गांना वाटलं, बाई आपलं ऐकेल. राममनोहर लोहियांनी तर 'गूंगी गुडिया' म्हणून टाकलं. हाती काय आलं? दुष्काळ, अमेरिकेच्या गव्हाच्या बोटींवर जगणारा देश, जूनमध्ये करावं लागलेलं रुपयाचं अवमूल्यन (डॉलरला 4.76 वरून 7.50), आणि तेरा महिन्यांवर निवडणूक. 1967 मध्ये काँग्रेस 361 जागांवरून 283 वर आली आणि कितीतरी राज्यं हातची गेली. माझ्या रकान्यात त्या अगदी नेमक्या बसतात, एवढंच की बहुमत थोडक्यात वाचलं. ते घसरलं असतं तर आपण आज त्यांना भट्टल यांच्याच ओळीत, एक फसलेली 'पहिली' म्हणून वाचलं असतं.

त्या पहिल्या वर्षातलाच एक निर्णय म्हणजे हे शहर. मार्च 1966 मध्ये काँग्रेस कार्यकारिणीनं पंजाबी सुब्याची, म्हणजे पंजाबी भाषिकांच्या वेगळ्या राज्याची, मागणी मान्य केली. सीमा आखायला नेमलेल्या शाह आयोगाच्या बहुमतानं चंडीगढ हरियाणाला द्या असं सुचवलं, सरकारनं ते कुणालाच न देता 1 नोव्हेंबर 1966 पासून केंद्रशासित केलं. 29 जानेवारी 1970 ला बाईंनी निवाडा दिला : चंडीगढ पंजाबला, बदल्यात अबोहर आणि फाजिल्का हरियाणाला. तो अमलात आला नाही. पुढे 1985 च्या राजीव-लोंगोवाल करारातलं हस्तांतरही झालं नाही. 1975 मध्ये आणीबाणीत इंदिराबाईंनी जयप्रकाश नारायणांना स्थानबद्ध केलं ते इथल्या पीजीआय रुग्णालयातच. इथल्या बाजारात, वर्गात, गुरुद्वाऱ्याच्या पायरीवर इंदिरा गांधींबद्दल विचारा, लोक सुब्याबद्दल, आणीबाणीबद्दल आणि 1984 बद्दल बोलतील. 'पहिली स्त्री पंतप्रधान' हे शब्द मी इथं फक्त प्रश्नपत्रिकेत वाचले आहेत. मला ही तिची बरोबरी वाटते. तिचा हिशेब पुरुषासारखाच, कडकपणे झाला.

बायका पाण्याचा, मुलांचा विचार आधी करतात, असं सांगायला लोक एक अभ्यास फेकतात. राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो यांचा तो अभ्यास, 2004 चा, पश्चिम बंगाल आणि राजस्थानच्या ग्रामपंचायतींवरचा. तो उत्तम आहे. सरपंचपद कुठं राखीव होणार हे कुणाच्या मर्जीवर नव्हतं, म्हणूनच तुलना प्रामाणिक झाली. बाई प्रमुख असलेल्या पंचायतींनी पिण्याच्या पाण्यावर जास्त खर्च केला, आणि पुढच्या एका अभ्यासात अशा गावांतल्या मुलींची स्वप्नंही मोठी झालेली दिसली. पण मुख्यमंत्री सोडतीनं ठरत नाही! तो निष्कर्ष उचलून चंडीगढच्या सचिवालयात ठेवता येत नाही. भट्टल यांनीही पाण्याचा निर्णय घेतला होता, 1996 च्या डिसेंबरात, छोट्या शेतकऱ्यांच्या पंपांना मोफत वीज. पुढच्या सरकारनं ती सगळ्याच शेतकऱ्यांना दिली. आज पंजाबचं भूजल ज्या वेगानं खाली चाललंय, त्याच्या कारणांत ही वीज धरावीच लागते. 82 दिवसांत निवडणूक तोंडावर असलेला कुठलाही पुरुष हेच करता.

दिवसांचा हा खेळ आमच्या महापालिकेत तर कायद्यानंच मांडलेला आहे. चंडीगढच्या महापौराची मुदत एक वर्ष. पाचांपैकी पहिलं आणि चौथं वर्ष स्त्रीसाठी राखीव. जानेवारी 2025 मध्ये हरप्रीत कौर बबला 19 विरुद्ध 17 मतांनी निवडून आल्या, सर्वोच्च न्यायालयानं नेमलेल्या निरीक्षकासमोर, कारण आदल्या वर्षी मतपत्रिकांचा जो तमाशा झाला तो देशानं चित्रफितीत पाहिला होता. महापौर खुर्चीला सरावतात तोवर पुढची निवडणूक येते, आणि आयुक्त व प्रशासक जागेवरच असतात. राखीव जागेमुळे कर्तबगारी घटते असं म्हणणाऱ्यांनी कुठल्याही पुरुषाला एका वर्षात शहर चालवून दाखवायला सांगावं.

प्रतिभाताई पाटील यांच्याबद्दल मला मराठी वाचक हमखास विचारतात. 2007 मध्ये राष्ट्रपतिपदाच्या वेळी शिवसेनेनं आघाडीची भूमिका सोडून मराठी म्हणून त्यांना मत दिलं, हे राजकारण म्हणून रंजक आहे. मला त्याहून रंजक वाटतं ते 1979. त्या वर्षी त्या महाराष्ट्र विधानसभेत विरोधी पक्षनेत्या होत्या. काही महिन्यांत, 1980 मध्ये, त्यांचा पक्ष सत्तेवर आला आणि मुख्यमंत्री दुसरेच झाले. राष्ट्रपती भवनाचा रस्ता एका जळगावच्या बाईला सापडला, वर्षा बंगल्याचा अजून कुणालाच नाही.

2023 च्या घटनादुरुस्तीनं लोकसभेत आणि विधानसभांत एक तृतीयांश जागा स्त्रियांना राखून ठेवण्याची तरतूद केली आहे. मुख्यमंत्रिपदाबद्दल तिच्यात अक्षर नाही, असायचं कारणही नाही. त्या पदाची वाट उमेदवारीच्या यादीतून जाते. पंजाब विधानसभेची मुदत मार्च 2027 मध्ये संपते आहे, मावळत्या सभागृहात 117 पैकी 13 स्त्रिया 2022 मध्ये निवडून आल्या होत्या. पक्षांच्या याद्या दिवाळीनंतर लागतील. मी त्यांतली नावं मोजायला बसणार आहे. तुमच्या जिल्ह्यातली पुढची यादी लागेल तेव्हा तुम्हीही मोजा, आणि किती निघाल्या ते मला या अंकाच्या पत्त्यावर कळवा.