किर्लोस्कर मंडळीचे तीन गायक

एखाद्या गाणाऱ्या मंडळीचा प्रमुख गायक निघून गेला अगर निवर्तला, म्हणजे श्रोत्यांमध्यें एक वाद हटकून सुरू होतो : नवा गायक जुन्याच्या तोडीचा आहे काय? पाश्चात्य रॉक संगीताचे जे वाद्यवृंद आजचीं मुलें आवडीनें ऐकतात, त्यांच्याविषयीं हा वाद मधल्या सुटींत पुष्कळदां माझ्या कानीं पडतो. पहिला गायक थोर कीं दुसरा, दुसऱ्यानें मंडळी तारिली कीं बुडविली, यावर दोन्ही पक्ष हिरिरीनें भांडतात. हें भांडण ऐकतांना मला मौज वाटते; कारण याच जातीचा वाद आपल्या पणजोबांच्या काळीं महाराष्ट्रांत घरोघर चालत असे, आणि ज्या मंडळीच्या गायकांविषयीं तो चाले तिचें नांव किर्लोस्कर नाटक मंडळी. त्या मंडळीच्या तीन प्रमुख गायकांच्या जीवनक्रमाची तुलना करून पाहण्याचें प्रस्तुत लेखांत योजिलें आहे.

बळवंत पांडुरंग ऊर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर यांनीं ३१ ऑक्टोबर १८८० रोजीं पुण्यास 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आणिलें. तत्पूर्वींच्या नाटकांत गाण्याचा मुख्य भार सूत्रधारावर असे. अण्णासाहेबांनीं पात्रांनाच गावयास लाविलें. या एका फेरफारानें नटास गायकही व्हावें लागलें. कुलीन स्त्रियांनीं रंगभूमीवर येण्याचा प्रघात त्या काळीं नव्हता. म्हणून शकुंतला व सुभद्रा यांच्या भूमिका पुरुषांकडेच येत. त्यांतून मुलाचा गळा वयांत येतांना फुटतो, हा सृष्टीचा नियम. ज्याचा आवाज गोड व चढा राहिला आहे आणि ज्यास रूपही लाभलें आहे असा तरुण मिळणें, हा त्यामुळें मंडळीच्या जीवनमरणाचा प्रश्न होऊन बसला.

असा पहिला तरुण म्हणजे भाऊराव कोल्हटकर. त्यांचा जन्म १८६३ सालीं बडोद्यास झाला. अण्णासाहेबांनीं त्यांचा गळा पारखून १८८२ सालीं त्यांस मंडळींत आणिलें. त्याच वर्षींच्या नोव्हेंबरांत 'सौभद्र' नाटकाचे पहिले तीन अंक झाले, आणि भाऊराव सुभद्रा झाले. १८८४ च्या 'रामराज्यवियोगां'त त्यांनीं मंथरा केली. त्यांचा आवाज उंच व धारदार असे. ध्वनिवर्धकाचें नांवही कोणास ठाऊक नसतांना तो नाटकगृहाच्या शेवटच्या बांकापर्यंत स्वच्छ पोंचे. १८८५ सालीं अण्णासाहेब अकालीं निवर्तले. संस्थापक गेल्यावर मंडळी मोडावयाची; पण ती मोडली नाहीं. गोविंद बल्लाळ देवल यांची तालीम, शंकरराव मुजुमदार यांची व्यवस्था आणि भाऊरावांचा गळा, या तीन खांबांवर ती उभी राहिली. पुढें वय वाढल्यावर भाऊराव पुरुषभूमिकांकडे वळले, परंतु मंडळी त्यांनीं सोडली नाहीं. १९०१ सालीं ते वारले, तेव्हां त्यांचीं अडतीस वर्षेंही पुरीं झालीं नव्हतीं. त्यांपैकीं एकोणीस वर्षें त्यांनीं एकाच संस्थेस दिलीं.

भाऊराव गेल्यावर चार वर्षें ती जागा जणूं रितीच होती. १९०५ सालीं तेथें नारायण श्रीपाद राजहंस हा सतरा वर्षांचा मुलगा आला. लोकमान्य टिळकांनीं लहानपणींच त्याचें गाणें ऐकून त्यास 'बालगंधर्व' म्हटलें, असें सांगतात. त्यास एका कानानें नीट ऐकूं येत नसे. कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनीं त्यास औषधोपचारासाठीं मिरजेस धाडिलें, आणि मिरजेसच तो प्रथम शकुंतला होऊन रंगभूमीवर आला. भाऊरावांस डोळां पाहिलेले आणि कानीं ऐकिलेले रसिक त्या वेळीं हयात होते. त्यांच्यापुढें, त्यांच्याच आवडत्या भूमिका घेऊन, या मुलास उभें राहावयाचें होतें. भाऊरावांचा चढा सूर त्याच्या गळ्यांत नव्हता, आणि तो आणण्याचा हट्टही त्यानें धरिला नाहीं. त्याचें बळ माधुर्यांत, लयींत आणि शब्दांतील भाव हळुवार उलगडण्यांत होतें.

हें बळ पूर्णपणें दृष्टीस पडावयास सहा वर्षें जावीं लागलीं. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचें 'मानापमान' १२ मार्च १९११ रोजीं मुंबईस प्रथम झालें. गोविंदराव टेंबे यांनीं त्यास उत्तरेकडील ठुमरी-दादऱ्याच्या वळणाच्या नव्या चाली दिल्या होत्या, आणि भामिनीचीं पदें बालगंधर्वांच्याच गळ्यासाठीं बांधिलीं होतीं. त्या दिवशीं त्यांची तान्ही कन्या निवर्तली. प्रयोग पुढें ढकलावा असें इतरांच्या मनांत आलें. परंतु दूरदूरहून आलेल्या प्रेक्षकांचा विरस होऊं नये म्हणून बालगंधर्व तोंडाला रंग लावून उभे राहिले. त्या रात्रीपासून लोक त्यांस भाऊरावांच्या जागीं आलेला गायक म्हणून ओळखीनासे झाले. तें आसन आतां त्यांचें स्वतःचें झालें.

१९१३ सालीं टेंबे व गणपतराव बोडस यांच्यासह बालगंधर्वांनीं मंडळी सोडून गंधर्व नाटक मंडळी काढिली. किर्लोस्कर मंडळीची जागा पुन्हां रिती झाली, आणि १९१४ सालीं गोमंतकांतील मंगेशी गांवचा, चौदा वर्षांच्या आंतबाहेरचा एक मुलगा तेथें आला. हे दीनानाथ मंगेशकर. भाऊरावांची आठवण आणि बालगंधर्वांचा चालता बहर, अशा दोन पर्वतांच्या मध्यें या मुलास आपली वाट काढावयाची होती. त्यानें दोहोंपैकीं एकाचीही नक्कल केली नाहीं. बालगंधर्वांचें गाणें संथ नदीसारखें, तर दीनानाथांचें पावसाळ्यांतल्या ओढ्यासारखें. तान विजेसारखी निघावयाची, सूर अवचित उंच झेंप घ्यावयाचा, आणि ऐकणारा दचकून सावध व्हावयाचा. १९१८ सालीं, वयाचीं अठरा वर्षेंही पुरीं झालीं नसतां, त्यांनीं चिंतामणराव कोल्हटकर व कृष्णराव कोल्हापुरे यांच्यासह बळवंत संगीत मंडळी स्थापिली. ज्या 'मानापमाना'नें बालगंधर्वांची भामिनी अजरामर केली, त्याच नाटकांतील धैर्यधर पुढें दीनानाथांनीं आपल्या पद्धतीनें गाइला, आणि तोही लोकांनीं डोक्यावर घेतला. आपल्या वऱ्हाडांतील वीर वामनराव जोशी यांचें 'रणदुंदुभि' त्यांनीं १९२७ सालीं आणि स्वातंत्र्यवीर सावरकरांचें 'संन्यस्त खड्ग' १९३१ सालीं रंगभूमीवर आणिलें. त्या ओजस्वी नाटकांस असलाच गळा हवा होता.

हें सारें पुण्या-मुंबईकडचें झालें, आपण खापरखेड्याच्या लोकांचा त्याशीं काय संबंध, असें कोणी म्हणेल. संबंध फार जवळचा आहे. आपलें तालुक्याचें ठिकाण जें सावनेर, तेथेंच राम गणेश गडकरी यांनीं २३ जानेवारी १९१९ रोजीं, अवघ्या तेहतिसाव्या वर्षीं देह ठेविला. तरुणपणीं ते किर्लोस्कर मंडळींतच नोकरीस होते व तेथील मुलांस शिकवीत. त्यांचीं 'एकच प्याला' आणि 'भावबंधन' हीं दोन नाटकें त्यांच्या पश्चात् रंगभूमीवर आलीं. पहिलें गंधर्व मंडळीनें केलें व त्यांत बालगंधर्व सिंधु झाले. दुसरें बळवंत मंडळीनें केलें व त्यांत दीनानाथ लतिका झाले. ज्या लेखणीनें सिंधूचें मुकें दुःख लिहिलें, तिनेंच लतिकेचा अवखळपणा लिहिला. एक दुसरीपेक्षां थोर कीं कमी, हा प्रश्न गडकऱ्यांस पडला नाहीं. ज्या गळ्याला जें साजेल तें प्रत्येकास मिळालें.

आतां तिघांची तुलना करूं. भाऊराव मंडळींत एकोणीस वर्षें राहिले, बालगंधर्व आठ, दीनानाथ सुमारें चार. हे आंकडे पाहून कोणी म्हणेल कीं निष्ठा उत्तरोत्तर घटत गेली. मला तसें वाटत नाहीं. भाऊरावांच्या काळीं मंडळीच नटास मोठें करी. बालगंधर्वांच्या काळापासून लोक नटाचें नांव पाहून तिकीट काढूं लागले. ज्याच्या नांवावर तिकिटें खपतात, त्यास आपली स्वतःची मंडळी असावी असें वाटणें स्वाभाविक होतें. परंतु गायक झाला म्हणजे मालकाचा व्यवहार येतोच असें नाहीं. भाऊरावांच्या मागें हिशेब पाहणारे मुजुमदार होते. बालगंधर्वांचे भागीदार एकेक करून दूर झाले. भरजरी वस्त्रें, उंची अत्तरें व नव्या देखाव्यांवर त्यांनीं पाण्यासारखा पैसा खर्चिला, आणि १९२१ च्या सुमारास ते कर्जांत बुडाले. सात वर्षें प्रयोग करकरून त्यांतून ते मोकळे झाले, ही त्यांच्या सचोटीची साक्ष होय. तथापि अखेरचा काळ त्यांनीं आजारांत व विपन्नावस्थेंत काढिला. दीनानाथांनीं १९३४ सालीं बोलपटाच्या धंद्यांत हात घातला आणि त्यांत त्यांची मंडळी गेली. १९४२ सालीं, एकेचाळिसाव्या वर्षीं ते वारले. मध्यंतरीं काळही पालटला होता. स्त्रिया रंगभूमीवर येऊं लागल्या, १९३२ पासून मराठी बोलपट आले, आणि पुरुषानें सुभद्रा व्हावें ही रीतच मागें पडली.

आणखी एक अंतर आहे. भारतांत ध्वनिमुद्रण सुरू झालें १९०२ सालीं. भाऊराव त्याच्या आदल्याच वर्षीं गेले. म्हणून त्यांचा सूर आज कोणासही ऐकतां येत नाहीं. बालगंधर्व व दीनानाथ यांच्या ध्वनिमुद्रिका मात्र आपण आजही ऐकूं शकतों. बालगंधर्वांस १९६४ सालीं पद्मभूषण मिळालें, आणि त्यांच्या मृत्यूनंतर एका वर्षानें, १९६८ सालीं, पुण्यांत त्यांच्या नांवाचें रंगमंदिर उघडलें. दीनानाथांच्या मागें पांच मुलें उरलीं. त्यांतील थोरली लता तेव्हां बारा वर्षांची होती. वडिलांनीं दिलेल्या तालमीच्या बळावर तिनें त्या वयांत घरचा भार उचलिला, आणि तो सूर पुढें साऱ्या भारतांत ऐकूं गेला. ज्याचा सूर राहिला नाहीं, ज्याचें मंदिर झालें आणि ज्याची कन्या गाइली, त्यांना एका तागडींत घालणार कसें?

शुभवर्तमानांतील एक दृष्टांत आपण शाळेंत ऐकिला आहे. धनी परदेशीं जातांना एका दासाजवळ पांच वांटे द्रव्य देतो, दुसऱ्याजवळ दोन आणि तिसऱ्याजवळ एक. परत आल्यावर तो हिशेब घेतो. पांचाचे दहा करणारा आणि दोहोंचे चार करणारा, या दोघांस तो जी शाबासकी देतो, तिचे शब्द अगदीं एकसारखे आहेत. कोणाजवळ अधिक होतें, हें तो विचारीत नाहीं. दोष लागतो तो तिसऱ्यास, ज्यानें आपलें द्रव्य जमिनींत पुरून ठेविलें. आणि त्याचें कारण तो स्वतःच सांगतो : मला भीति वाटली.

ही भीति मला आपल्या शाळेंतही दिसते. प्रार्थनेचें गीत सांगणारा विद्यार्थी दहावी होऊन जातो, किंवा वाढत्या वयानें त्याचा आवाज फुटतो. नव्यास पुढें बोलाविलें, तर गळा चांगला असूनही तो मागें सरतो. 'त्याच्यासारखें मला येणार नाहीं,' एवढेंच म्हणतो. पालकांनींही विचार करावा. थोरल्याची गुणपत्रिका धाकट्यापुढें किती वेळां धरिली जाते? आपण ती उत्तेजन म्हणून धरितों. पण पुष्कळदां त्यानें मूल आपलें धन पुरून ठेवावयास शिकतें.

आपल्या गांवच्या वीजकेंद्रांत आणि खाणींत कित्येक विद्यार्थ्यांचे वडील पाळ्यांनीं काम करितात. पाळी बदलतांना येणारा माणूस जाणाऱ्याची नक्कल करीत नाहीं. त्यानें काय केलें, काय राहिलें, एवढें नीट विचारून घेतो आणि आपल्या हातांनीं कामाला लागतो. बॉयलरचा अग्नि विझूं द्यावयाचा नाहीं, हें मात्र दोघांचेंही सारखेंच कर्तव्य. भाऊराव, बालगंधर्व आणि दीनानाथ यांनीं एकामागून एक अशाच पाळ्या केल्या. तिघांचे गळे तीन प्रकारचे. पण पाळी आली तेव्हां भीतीनें मागें कोणीच सरला नाहीं.

तेव्हां विद्यार्थी मित्रहो, मोठ्या माणसाची रिकामी जागा तुमच्यापुढें आली, तर आधीं त्याचें काम आदरानें समजून घ्या आणि मग आपल्या सुरांत गा. पैशाचा हिशेब मात्र स्वच्छ ठेवा, किंवा तो ज्यास कळतो त्यास जवळ ठेवा. पुढच्या दोघांच्या आयुष्यानें एवढा धडा आपणांस दिलाच आहे. लोक तुलना करतील, ती त्यांस करूं द्यावी. नव्या सत्रांत प्रार्थनेच्या वेळीं जो कोणी पुढें येईल, त्याचा आवाज कसाही असो, तो ऐकावयास मी उत्सुक आहें.